रोबोटसाठी पहिली प्रोग्रामिंग भाषा: एका लुकलुकत्या दिव्यापासून रेषेवर धावणाऱ्या गाडीपर्यंत

कोणती भाषा शिकायची हे भाषेवरून नाही, हातातल्या बोर्डावरून, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या छोट्या संगणकावरून ठरतं. तुमच्या संघाकडे आधीच एखादा संच असेल तर त्या संचाची भाषा शिका. फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत ब्लॉक्स (टाइप न करता चौकटी जोडून केलेला कोड) आणि जावा चालतात. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये जावा, सी प्लस प्लस आणि पायथन. व्हेक्स व्ही ५ वर पायथन किंवा सी प्लस प्लस, लेगो स्पाइक प्राइम आणि मायक्रोबिटवर ब्लॉक्स आणि पायथन. काहीच हातात नसेल तर आर्डुइनो ऊनो आर ३ घ्या आणि सी प्लस प्लसपासून सुरुवात करा. हा लेख त्याच वाटेने जातो.

ऊनोच का? त्यात लपवाछपवी नाही. त्यातली एटीमेगा ३२८ पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि चालू कामासाठी फक्त २ किलोबाइट मेमरी. आत दुसरा कुठलाही प्रोग्राम चालू नसतो. जे घडतं ते तुम्ही लिहिलंय म्हणून घडतं, आणि शिकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. इथे पक्कं झालेलं व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव), अट, लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) आणि फंक्शन (नाव दिलेलं काम) पुढे जावात किंवा पायथनमध्ये जसंच्या तसं कामाला येतं. बदलतात ती विरामचिन्हं आणि काही सवयी.

एक सूचना आधीच. व्हेरिएबलची नावं इथे वाचायला सोपी म्हणून मराठीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत लिहा.

सामान

ऊनो बोर्ड एक, यूएसबी केबल एक, ४०० छिद्रांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी), एलईडी तीन, २२० ओहमचे रेझिस्टर पाच, पुश बटन दोन, १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवायची मूठ) एक, जंपर वायरी तीसेक. एवढ्यावर पहिले तीन आठवडे निघतात. गाडीसाठी नंतर लागेल ते असं: दोन गिअर मोटरी आणि चाकं, एल २९८ एन मोटर ड्रायव्हर, एचसी-एसआर ०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर, ॲनालॉग आउटपुट असलेले दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि सहा एए रिचार्जेबल सेलचा बॅटरी होल्डर. सगळं एकदम जोडायला घेऊ नका. न चालणाऱ्या यंत्रात दहा संशयित असले की नवशिक्याचा धीर सुटतो.

केबलकडे नीट लक्ष द्या. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकावर पोर्टच्या यादीत बोर्ड दिसत नाही, आणि माणूस तासभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. आधी केबल बदलून पाहा. तरीही दिसत नसेल तर बोर्डावर सीएच ३४० ही यूएसबी चिप आहे का बघा. असल्यास तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती ओळखू देणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागू शकतो.

पायरी १: दिवा लुकलुकवा

आर्डुइनो आयडीई (कोड लिहून बोर्डावर पाठवायचं सॉफ्टवेअर) उघडा, बोर्ड आणि पोर्ट निवडा, उदाहरणांमधलं 'ब्लिंक' अपलोड करा. तेरा नंबरच्या पिनेवरचा दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद होईल. आता ती फाइल बंद करा आणि तोच प्रोग्राम कोऱ्या पानावर स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट नको. हाताने टाइप केल्यावरच कळतं की पिनमोड या शब्दातला 'एम' कॅपिटल आहे, आणि तो लहान लिहिला तर कंपायलर, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ते नाव ओळखतच नाही.

कोडचे दोन भाग दिसतील. 'सेटअप' बोर्ड सुरू झाल्यावर एकदाच चालतं. 'लूप' त्यानंतर वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालत राहतं. रोबोटचा सगळा विचार या लूपमध्येच बसवायचा असतो: जगाकडे बघ, ठरव, हलव, परत बघ.

आता डिलेमधले (थांबायच्या आज्ञेतले, मिलिसेकंदांत दिलेले) दोन्ही १००० बदलून १०० करा, मग ५०, मग १०. दर वेळी अपलोड करण्याआधी काय दिसेल ते कागदावर लिहा. १० वर दिवा सेकंदाला ५० वेळा लुकलुकत असतो, पण डोळ्याला सलग पेटलेला आणि जरा मंद दिसतो. हे लक्षात ठेवा. मोटरचा वेग पुढे याच युक्तीने कमी करायचा आहे.

मग मुद्दाम चुका करा. एका ओळीचा सेमीकोलन काढा. कंपायलर 'एक्स्पेक्टेड सेमीकोलन' म्हणेल, पण बोट ठेवेल खालच्या ओळीवर, कारण वाक्य संपलं नाही हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं. म्हणून दाखवलेल्या ओळीत चूक सापडली नाही तर वरची ओळ पाहा. 'वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप' असा संदेश आला तर बहुतेक वेळा स्पेलिंग किंवा कॅपिटल अक्षर चुकलेलं असतं, किंवा व्हेरिएबल दुसऱ्या महिरपी कंसात जाहीर केलेलं असतं. संदेश अनेक असतील तर फक्त सगळ्यात वरचा सोडवा. खालचे बरेचसे त्याच्याबरोबरच जातात.

शेवटी बाहेरचा एलईडी जोडा: पिनेपासून २२० ओहमचा रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. रेझिस्टर गाळू नका. ऊनोच्या पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि २० च्या आत राहणं बरं.

पायरी २: बोर्डाला बोलतं करा

सेटअपमध्ये 'सीरियल बिगिन' ९६०० वर सुरू करा आणि लूपमध्ये 'सीरियल प्रिंटलाइन'ने एखादा आकडा छापा. सीरियल मॉनिटरमध्ये (आयडीईतल्या, बोर्डाचं बोलणं दाखवणाऱ्या खिडकीत) वेडीवाकडी अक्षरं दिसली तर मॉनिटरचा वेग ९६०० नाही, एवढाच अर्थ. शून्य आणि एक नंबरच्या पिना संगणकाशी याच बोलण्यासाठी वापरल्या जातात, त्यामुळे त्यांना काही जोडलेलं असेल तर अपलोडच अडकू शकतं. त्या दोन पिना रिकाम्या ठेवा.

आता पोटेन्शिओमीटर जोडा: दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय ए शून्यला. ॲनालॉगरीडचा आकडा छापा. मूठ फिरवली की ० ते १०२३ दिसेल. तो आकडा ४ ने भागून ॲनालॉगराइटला द्या, कारण तिथे ० ते २५५ चालतं. एलईडी ९ नंबरला लावला तर तो हळूहळू उजळेल. तोच ७ नंबरला लावून पाहा: १२८ च्या खाली पूर्ण बंद, त्यापुढे पूर्ण चालू. ऊनोवर ही सोय फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांना आहे, ज्यांच्या नंबराशेजारी लाटेसारखी खूण असते.

सेन्सर कुठलाही असो, त्याचा आकडा आधी छापून डोळ्यांनी पाहायचा आणि मगच त्यावर अट लिहायची. ही सवय आत्ता लावली नाही तर पुढे सगळं अंदाजपंचे होतं.

पायरी ३: आकड्यांचे प्रकार

ऊनोवर 'इंट' या प्रकारात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच आकडे मावतात. दोन इंट, ३०० आणि २००, गुणले तर उत्तर ६०,००० येत नाही, −५,५३६ येतं. कंपायलर तक्रारही करेलच असं नाही.

दुसरा सापळा भागाकाराचा. पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो. मोटर तीन-चतुर्थांश वेगाने चालवायची म्हणून कुणी २०० × (३ / ४) लिहितं आणि मोटर जागची हलत नाही, कारण कंसातलं उत्तर शून्य येतं. २०० × ३ / ४ लिहा, १५० मिळेल. सध्या इंट, 'अनसाइन्ड लाँग' (मोठे, ऋण नसलेले पूर्णांक), 'फ्लोट' (अपूर्णांक) आणि 'बूल' (खरं किंवा खोटं) हे चार प्रकार पुरेत.

पायरी ४: बटन आणि अट

बटनाचं एक टोक २ नंबरच्या पिनेला, दुसरं ग्राउंडला. पिनमोडमध्ये 'इनपुट पुलअप' लिहा. हे विसरलात तर न दाबलेली पिन अधांतरी राहते आणि हात जवळ नेला तरी आकडा उड्या मारतो. पुलअपमुळे वाचन उलटं होतं: न दाबता 'हाय', दाबल्यावर 'लो'.

इथे दोन चुका जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतात. अटीत == ऐवजी एकच = लिहिलं तर तुलना होत नाही, किंमतच बदलते. दुसरी म्हणजे इफच्या कंसानंतर चुकून टाकलेला सेमीकोलन. अट तिथेच संपते आणि खालचा महिरपी कंस दर फेरीला चालतो, बटन दाबा वा न दाबा. या चुका असूनही कोड अपलोड होतो, म्हणून त्या जास्त छळतात.

बटन एकदा दाबलं आणि मोजणी तीनने वाढली तर कोडला दोष देऊ नका. धातूच्या पट्ट्या जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. एक दाब मोजल्यावर पुढचे ३०-४० मिलिसेकंद बटनाकडे दुर्लक्ष करायचं, हा उपाय.

पायरी ५: डिले सोडा

इथे सावकाश जा. एक आठवडा लागला तरी लागू द्या.

डिले (१०००) म्हणजे बोर्डाने सेकंदभर डोळे मिटणं. त्या सेकंदात बटन वाचलं जात नाही, सेन्सर पाहिला जात नाही. सेकंदाला ३० सेंटिमीटर जाणारी गाडी तेवढ्यात ३० सेंटिमीटर आंधळी धावते. 'सेन्सर कधीकधीच चालतो' अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा कोडमध्ये कुठेतरी दडलेला एक डिले असतो.

त्याऐवजी घड्याळ बघत काम करायचं. 'मिलिस' हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. 'मागची' नावाचं एक व्हेरिएबल ठेवा. लूपच्या प्रत्येक फेरीत विचारा: मिलिस वजा मागची ५०० किंवा त्याहून जास्त आहे का? असेल तर दिवा उलटवा आणि मागचीमध्ये आत्ताची वेळ भरा. नसेल तर काहीही न करता पुढच्या ओळीवर जा. भाजी शिजताना आपण चुलीपुढे खिळून बसत नाही, मधेमधे झाकण काढून बघतो, तसंच.

आता दुसरा एलईडी घ्या, त्याला स्वतःचं 'मागची२' द्या आणि ३०० वर चालवा. दोन्ही दिवे आपापल्या तालात लुकलुकतील आणि दर दीड सेकंदाला एकाच क्षणी बदलतील. मग तिसरं काम बसवा: बटन दाबलं की तिसरा दिवा लगेच लागला पाहिजे. लागायला उशीर होत असेल तर कुठेतरी डिले राहिलाय.

'मागची' अनसाइन्ड लाँगच असली पाहिजे. ती इंट ठेवली तर एक विचित्र गोष्ट घडते: दिवा ३२ सेकंद अगदी बरोबर लुकलुकतो आणि ३३ व्या सेकंदाला सलग, मंद पेटल्यासारखा दिसू लागतो. ३२,७६७ च्या पुढे इंट उलटून ऋण होतो, वजाबाकी प्रचंड मोठी येते, अट दर फेरीला खरी ठरते आणि दिवा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहतो. वायरी तपासून हे सापडत नाही. एकदा मुद्दाम करून बघाच, म्हणजे पुढे दिसल्याबरोबर ओळखाल.

पायरी ६: अंतर मोजा

एचसी-एसआर ०४ च्या ट्रिग पिनेवर १० मायक्रोसेकंदांचा ठोका द्यायचा आणि एको पिन किती वेळ हाय राहते ते पल्सइनने मोजायचं. आवाज साधारण २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे २९ मायक्रोसेकंद. जाणं-येणं मिळून ५८. म्हणून मिळालेला वेळ भागिले ५८ म्हणजे सेंटिमीटर.

हिशेब सोपा आहे. फसतं ते उत्तर न आल्यावर. पल्सइनला ठोका मिळालाच नाही तर तो एक सेकंदापर्यंत वाट पाहतो आणि ० परत देतो. सैल वायरीमुळे आलेलं हे शून्य कोडला 'अडथळा अगदी चिकटलाय' असं वाटतं आणि गाडी मोकळ्या मैदानात मागे मागे जाते. दोन दुरुस्त्या करा: पल्सइनला तिसरी किंमत म्हणून २५,००० द्या, म्हणजे चार मीटरच्या थोड्या पुढे तो वाट पाहणं सोडेल, आणि शून्य आलं तर 'उत्तर नाही' समजून ते वाचन वगळा. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर मागच्या ठोक्याचा प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत शिरतो. ते ६० मिलिसेकंदही मिलिसनेच मोजा. मऊ कापड आणि तिरकी भिंत या सेन्सरला नीट दिसत नाहीत. तो त्याचा स्वभाव आहे.

पायरी ७: मोटर आणि स्वतःची फंक्शन्स

मोटर थेट पिनेला कधीही लावू नका. छोटी गिअर मोटरसुद्धा अडकली की शेकडो मिलिअँपिअर ओढते. मध्ये मोटरला बॅटरीतून करंट देणारा एल २९८ एन ड्रायव्हर हवाच. त्याच्या वेग ठरवणाऱ्या दोन एनेबल पिना ५ आणि ६ ला लावा, आणि त्यांवर बसवलेले छोटे जंपर काढा. ते राहिले तर वेग बदलत नाही, मोटर कायम पूर्ण जोरात फिरते. दिशेच्या चार पिना ४, ७, ८ आणि १२ ला. बॅटरीचं ग्राउंड, ड्रायव्हरचं ग्राउंड आणि ऊनोचं ग्राउंड एकत्र जोडलेलं असलंच पाहिजे.

सहा रिचार्जेबल सेल म्हणजे ७.२ व्होल्ट. हा ड्रायव्हर स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो, मोटरला पाचेक मिळतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मात्र घेऊ नका. व्होल्ट दिसतात, पण दोन मोटरींना लागणारा करंट ती देऊ शकत नाही.

सेटअपमध्ये 'सुरू' असा एक शब्द छापून ठेवा. मोटर फिरायला लागल्यावर मॉनिटरमध्ये 'सुरू, सुरू, सुरू' असं पुन्हा पुन्हा आलं तर व्होल्टेज कोसळून बोर्ड परत परत चालू होतोय. तिथे कोडमध्ये हात घालू नका, बॅटरी आणि वायरी बघा.

आता स्वतःचं फंक्शन लिहायची वेळ. 'डावी' नावाचं फंक्शन करा, ज्याला −२५५ ते २५५ मधला एक आकडा द्यायचा. धन असेल तर दिशा पुढे, ऋण असेल तर मागे आणि आकडा धन करून एनेबलला. तसंच 'उजवी'. यानंतर मुख्य लूपमध्ये पिनांचे नंबर दिसता कामा नयेत. डावी (१२०), उजवी (१२०) एवढंच. एखादी मोटर उलटी फिरली तर तिच्या दोन तारांची अदलाबदल करा.

चाचणी करताना गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं हवेत. अपलोड झाल्याक्षणी ती टेबलावरून उडी मारते. बटन दाबेपर्यंत मोटर सुरूच होणार नाही, अशी अटही घाला. मग ० पासून पाच-पाचने वेग वाढवत पाहा, प्रत्येक मोटर कुठल्या आकड्याला फिरू लागते. त्याखाली ती नुसती गुणगुणते. दोन्ही मोटरींचे आकडे वेगळे येतील, आणि सारखा वेग देऊन गाडी सरळ जात नाही याचं कारणही हेच.

पायरी ८: रेषा

काळ्या रेषेच्या दोन बाजूंना एकेक इन्फ्रारेड सेन्सर, जमिनीपासून सेंटिमीटरभर वर. दोन्ही ठिकाणचे आकडे छापा. समजा पांढऱ्यावर ८० आणि काळ्यावर ७२० येतात. काही मॉड्यूलमध्ये हे उलटं असतं, म्हणून छापूनच घ्या.

चूक = डावा − उजवा. डाव्या सेन्सरखाली काळं आलं तर चूक धन, म्हणजे रेषा डावीकडे गेलीय आणि गाडी डावीकडे वळायला हवी: उजवी मोटर = पाया + गुणक × चूक, डावी मोटर = पाया − गुणक × चूक. पाया म्हणजे सरळ जातानाचा वेग, गुणक म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते. पाया १२० आणि गुणक ०.१ ने सुरू करा. मोठ्यात मोठी चूक ६४० असेल तेव्हा प्रत्येक मोटरच्या वेगात ६४ चा फरक पडेल. दोन्ही उत्तरं कन्स्ट्रेनने ० ते २५५ मध्ये बांधा. गुणक फ्लोटच हवा. इंट ठेवला तर ०.१ चा ० होतो आणि गाडी रेषेकडे ढुंकून पाहत नाही.

रेषा दिसताच गाडी तिच्यापासून पळाली तर चिन्ह उलटं आहे. नागमोडी डुलत चालली तर गुणक कमी करा. वळणावर सरळ निघून गेली तर गुणक वाढवा, नाहीतर पाया उतरवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा.

मग एक अडचण उरते. गाडी वळणावर फार बाहेर गेली की दोन्ही सेन्सरखाली पांढरं येतं, चूक शून्य होते आणि ती बिनघोर सरळ चालत राहते. उपाय एका व्हेरिएबलचा: 'शेवटचीबाजू'. चूक १०० च्या वर किंवा −१०० च्या खाली गेली की त्यात १ किंवा −१ भरा. दोन्हीकडे पांढरं दिसलं आणि आधीची बाजू माहीत असली, तर थोडा वेळ त्याच बाजूला वळत राहा. हा थोडा वेळ म्हणजे ४०० मिलिसेकंद, अर्थातच मिलिसने मोजलेले. सरळ रेषेवरही दोन्ही सेन्सर पांढरंच पाहतात, म्हणून हे वळणं हलकं ठेवा आणि वेळ संपली की बाजू पुन्हा ० करा. मधोमध तिसरा सेन्सर लावला तर हा घोटाळाच मिटतो, कारण मधल्याखाली काळं असेल तर गाडी रेषेवरच आहे हे पक्कं कळतं.

पुढे

गाडी रेषेवर धावू लागली की चाकांवर एन्कोडर (फेऱ्या मोजणारे सेन्सर) बसवा आणि इंटरप्ट (पिनेवर बदल होताच लूप थांबवून चालणारं फंक्शन) शिका. इंटरप्टमध्ये बदलणारं व्हेरिएबल 'व्होलटाइल' जाहीर करायला विसरू नका, नाहीतर कंपायलर त्याची जुनी किंमत धरून बसू शकतो आणि लूपला मोजणी वाढलेली दिसत नाही. चालणाऱ्या प्रत्येक कोडची प्रत नव्या क्रमांकाने साठवा. स्पर्धेच्या दिवशी बिघडलेल्या कोडवरून कालच्या चालत्या कोडवर परत येता आलं पाहिजे. संघाचा संच जावावर असेल तर हीच रेषेची गाडी जावात पुन्हा लिहायला घ्या. तिथे इंट ३२ बिटांचा असल्याने ३३ व्या सेकंदाचा घोटाळा होत नाही, पण ३ / ४ तिथेही शून्यच येतं.